चिलखत घडवणारे हात

2024 च्या फेब्रुवारीत तीन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. 17 आणि 18 तारखेला चेन्नईत पहिल्यांदाच कॉमिक कॉन भरलं, नंदंबाक्कमच्या ट्रेड सेंटरमध्ये. आमच्या सेंट थॉमस माउंटच्या छावणीपासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. शेकडो पोरंपोरी कवचं, शिरस्त्राणं आणि यंत्रमानवांचे पोशाख चढवून तिथे हिंडत होती. लगेच 19 तारखेला, शिवजयंतीच्या दिवशी, आग्र्याच्या किल्ल्यातल्या सोहळ्यात दांडपट्टा हे महाराष्ट्राचं राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालं. माझा फोन दोन्हीकडच्या फोटोंनी भरून गेला. एकीकडे लेकीच्या मैत्रिणी, दुसरीकडे कोर्समेट आणि गाववाले.

दोन्ही फोटोंत माणसं खूश होती आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन्हीकडे एक माणूस फोटोबाहेर होता: ते घडवणारा. कोणाच्या हातांनी तो खोबळा ठोकला, कोणी पत्रा वाकवला, कोणी सांधा जोडला, हे कोणी विचारत नाही. चिलखत घालणाऱ्यांचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, घडवणाऱ्यांचा नाही. आणि ही केवळ इतिहासातली त्रुटी नाही. आजही ती आपल्या फौजेत, आपल्या घरात आणि निवृत्त जवानाच्या पगारात दिसते. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

माझं हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही. लेक कॉमिक कॉनहून आली तेव्हा म्हणाली, "बाबा, तिथली बरीचशी कवचं फोमची होती. खऱ्या लोखंडाचं करता येईल का?" मी म्हटलं, करूया, पण आधी वेल्डिंग शिकूया. तेव्हापासून सुट्टीचे दिवस आम्ही दोघं त्यात घालवतो. आमचा नमुना एखाद्या सिनेमातला नाही, आपल्याच मातीतला आहे. आधी दांडपट्ट्याचा खोबळा, म्हणजे मुठीपासून जवळपास कोपरापर्यंत हात झाकणारं पोलादी आवरण. मग छाती-पाठीच्या ढाली आणि खांद्यावरच्या सरकत्या पट्ट्या. खोबळ्याला पातं बसवलेलं नाही. ते शस्त्र झालं असतं. आम्हाला पोशाख हवा आहे.

शिकायला मी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका छोट्या पट्टरैत जातो. पट्टरै म्हणजे तमिळमध्ये कारखाना, वर्कशॉप. तिथले मास्टर साठीच्या पुढचे आहेत. त्यांचं हिंदी तोडकंमोडकं, माझं तमिळ त्याहून वाईट, पण वेल्डिंगला भाषा फार लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे: "सर, उजेडाकडे बघू नका, डबक्याकडे बघा." काळ्या काचेआडून नवशिक्याला फक्त तो लखलखाट दिसतो. पण काम चाललेलं असतं त्याच्या खाली, मोहरीएवढ्या जागेत, वितळलेल्या पोलादाच्या डबक्यात. डबकं किती रुंद होतंय, दोन्ही कडांना चिकटलंय का, मागे गोठताना कसं दिसतंय, हे बघत हात पुढे सरकवायचा. फार हळू गेलात तर पत्र्याला भोक. फार घाईने गेलात तर वर मण्यांची छान माळ दिसते, पण आत काहीच जुळलेलं नसतं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडा तपशील. आम्ही 18 गेजचा, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा वापरतो. त्याहून पातळ घेतला तर नवशिक्याच्या हातून टिकत नाही, जाड घेतला तर घरच्या हातोडीने गोलाई येत नाही. घरी छोटा इन्व्हर्टर सेट आहे. जाड कामाला अडीच मिलिमीटरचा रॉड चालतो, पण या पत्र्याला बारीक रॉड आणि कमी अँपिअर लागतात. खरी अडचण जोडण्याची नाही, वाकण्याची आहे. पोलाद तापलं की पसरतं, निवलं की आक्रसतं, आणि आक्रसताना शेजारच्या पत्र्याला ओढून घेतं. सलग एक वीतभर शिवण मारली की सपाट पत्र्याचा पापड होतो. म्हणून आधी ठिकठिकाणी टाके घ्यायचे. मग इथे बोटभर, तिथे बोटभर, समोरासमोरच्या बाजूंनी, मध्ये निवायला वेळ देत पुढे जायचं. मागे तांब्याची पट्टी धरली तर ती उष्णता शोषून घेते. गोधडी शिवणाऱ्या बाईला ही अक्कल उपजत असते. मला ती पंचेचाळिशीत आली.

आणि चेन्नईची हवा! संध्याकाळी ग्राइंडरने चकचकीत केलेल्या पत्र्यावर सकाळी तांबूस झाक दिसते. समुद्र कुठे आहे हे नकाशा न बघता कळतं. काम संपलं की तेलाचा हात फिरवल्याशिवाय झोपायचं नाही, हा घरचा स्टँडिंग ऑर्डर झाला आहे.

आता वजनाबद्दल, कारण फौजी माणसाला ते कळायला हवं. एक चौरस मीटर पोलादी पत्रा प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे 7.85 किलो भरतो. प्रौढ माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण 1.8 चौरस मीटर. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत 1.2 मिलिमीटरच्या पत्र्यात मढवलं तर 17 किलो. हे वजन पाठीवरच्या पॅकसारखं नसतं. प्रत्येक सांध्याशी भांडतं. आणि एवढं करूनही रायफलच्या गोळीपुढे हा पत्रा कागदासारखा आहे. गोळी अडवायची म्हणून हीच जाडी सहा मिलिमीटर करा, आकडा 85 किलोच्या घरात जातो. जवान उठून उभा राहिला तरी पुष्कळ.

हे गणित एका माणसाने प्रत्यक्ष अंगावर घालून बघितलं होतं. ऑस्ट्रेलियातला दरोडेखोर नेड केली याने आणि त्याच्या साथीदारांनी नांगराच्या जाड लोखंडी फाळपाट्या मिळवून, त्या तापवून-ठोकून चिलखतं बनवली. नेडचं चिलखत 44 किलोंच्या आसपास होतं. 28 जून 1880 रोजी ग्लेनरोवनला पोलिसांशी झालेल्या चकमकीत छातीवर आणि डोक्यावर गोळ्या आदळून परतल्या. मग पोलिसांनी पायांवर नेम धरला. पाय उघडे होते. तिथेच तो पडला आणि पकडला गेला. त्याच्या कृत्यांचं कौतुक करायचं कारण नाही, पण त्याचं चिलखत आजही प्रत्येक संरक्षणतज्ज्ञाला तोच प्रश्न विचारतं: काय झाकायचं आणि काय उघडं ठेवायचं?

आमच्या पिढीने हा प्रश्न डोक्यावर वागवला आहे. काश्मीरमध्ये नोकरी केलेल्या प्रत्येकाला बुलेटप्रूफ पटका आठवत असेल. साधं हेल्मेट एके-47 ची गोळी अडवत नव्हतं, म्हणून कपाळ आणि डोक्याची मागची बाजू झाकणारी ती पोलादी पट्टी आली. वजन अडीच किलोच्या आसपास. तासाभरात मान आखडायची, माथा उघडाच राहायचा, तरीही पटक्याने कितीतरी जवानांना घरी परत आणलं. पुढे चांगली जॅकेटं आली. एप्रिल 2018 मध्ये 1.86 लाख बुलेटप्रूफ जॅकेटांचा 639 कोटींचा करार झाला. त्यांच्या पाट्या पोलादाच्या नसून बोरॉन कार्बाइड या अतिकठीण सिरॅमिकच्या. त्याच वर्षी भारतीय मानक ब्यूरोचं जॅकेटांसाठीचं मानकही आलं. यातला प्रत्येक आकडा कोणीतरी भट्टीसमोर उभं राहून कमावलेला आहे. वर्षानुवर्षं ही साधनं अंगावर घालणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती पाटी कशी बनते हे सांगता येईल?

कवच हा शब्द मला चेन्नईने नव्याने शिकवला. इथे हेल्मेटला तलैकवसम म्हणतात, म्हणजे डोक्याचं कवच. वाहतूक पोलिसांच्या फलकांवर हा शब्द जागोजागी दिसतो. आणि सकाळी शेजारच्या घरातून मुरुगनचं कंद षष्ठी कवसम ऐकू येतं. त्यात देवाला एकेक अवयव राखायला सांगितलेलं आहे. हे ऐकताना मराठी माणसाला परकं वाटत नाही, कारण आपली रामरक्षा हेच करते. डोकं, कपाळ, डोळे, कान, कंठ, खांदे करत करत ती पायांपर्यंत उतरते. लहानपणी आजीबरोबर ती म्हणताना मला यादी कंटाळवाणी वाटायची. आता लेकीच्या खांद्याचं माप घेताना, कोपराला वाकायला किती जागा लागेल हे पुठ्ठ्याच्या साच्यावर आखताना लक्षात येतं की चिलखत घडवणारा हीच यादी करत असतो. एक अवयव सुटला की नेड केलीचे पाय. ज्या कोणी ती स्तोत्रं रचली त्यांनी माणसाचं शरीर कारागिराच्या नजरेने, वरून खाली, काही न विसरता बघितलेलं होतं.

आता आपल्या इतिहासाकडे येतो. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. कडीचं चिलखत म्हणजे हजारो बारीक कड्या. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली, आणि चांगल्या चिलखतात प्रत्येकीचं तोंड बारीक रिबिटाने बंद केलेलं. मी आणि लेकीने तळहाताएवढा तुकडा विणून बघितला. दोन रविवार गेले, तेही रिबिट न मारता. अख्खं चिलखत म्हणजे एका माणसाचे कित्येक महिने. त्या दिवशी महाराजांच्या अंगावर त्या महिन्यांचं काम होतं. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही.

नाव माहीत नाही, पण जात माहीत आहे, हे आपल्या समाजाचं वैशिष्ट्य! लोखंड ठोकणारा लोहार, खोगीर आणि म्यान शिवणारा जिनगर, धार लावणारा शिकलगार, तांब्याचं काम करणारा तांबट, गाढवावर भाता-ऐरण लादून गावोगाव फिरणारा घिसाडी. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, शिकलगार आडनावाची घरं पश्चिम महाराष्ट्रात जागोजागी आहेत. राज्य उभं राहिलं ते यांच्याही हातांवर. बलुतेदारीत लोहाराला वर्षाचं धान्य मिळालं, मान मात्र तलवार धरणाऱ्याला मिळाला. पोवाड्यात ऐरणीचा आवाज सहसा येत नाही.

चेन्नईत राहिल्यावर ही गोष्ट दोन ठिकाणी अंगावर येते. पहिलं ठिकाण एग्मोरचं सरकारी संग्रहालय. 1851 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात तंजावरच्या मराठा शस्त्रागारातली शस्त्रं आहेत. व्यंकोजीराजांनी उभं केलेलं ते राज्य 1855 मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केलं. पुढच्या काही वर्षांत शस्त्रागार मोडीत काढलं गेलं. निवडक शस्त्रं मद्रासच्या संग्रहालयात आली आणि उरलेला प्रचंड साठा तोडून भंगार म्हणून विकला गेला. कितीतरी पिढ्यांच्या लोहारांचं काम वजनावर गेलं. मराठी पर्यटकांनी मरीना बीचला जाण्याआधी तासभर इथे यावं. तंजावरच्या कट्यारी आणि पट्टे बघताना पात्याऐवजी मुठीचं काम बघा. हातावर बसणारी ती गोलाई पत्र्यातून काढायला काय लागतं हे ज्याने एकदा हातोडी चालवली आहे त्याला लगेच कळतं.

दुसरं ठिकाण जॉर्ज टाउनमधलं, तंबू चेट्टी रस्त्यावरचं काळिकांबाळ मंदिर. चेन्नईला आलेला बहुतेक प्रत्येक मराठी माणूस तिथे जातो, कारण 3 ऑक्टोबर 1677 रोजी, दक्षिण दिग्विजयाच्या काळात, शिवाजी महाराजांनी इथे देवीचं दर्शन घेतलं असं तिथे लिहिलेलं आहे. आपण त्या मजकुरासमोर फोटो काढतो आणि निघतो. पण मंदिर कोणाचं आहे? विश्वकर्मा समाजाचं. म्हणजे लोहार, सुतार, कासार, पाथरवट आणि सोनार या पाच कारागिरांचं. आपल्याकडे ज्यांना पांचाळ म्हणतात त्यांचं. व्यवस्था आजही त्या समाजाकडे आहे. शिवछत्रपतींच्या नावाने आपण ज्या दारात जातो ते दार घडवणाऱ्यांचं आहे, आणि हे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. तिथून दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की पॅरीज कॉर्नरचा हार्डवेअर बाजार लागतो. आमचे रिबिट, चामड्याचे पट्टे आणि बकलं तिथलीच. मला तर हा देवीचाच प्रसाद वाटतो.

आता फौजेकडे. आपल्या सैन्यात एक कोअर अशी आहे जिथे शिपायाच्या हुद्द्यालाच क्राफ्ट्समन, कारागीर म्हणतात: ईएमई. 15 ऑक्टोबर 1943 रोजी उभी राहिलेली, 'कर्म ही धर्म' हे ब्रीद मिरवणारी. लढाईत बंद पडलेला रणगाडा गोळीबारातून ओढून आणून पुन्हा उभा करणारी ही माणसं. त्यांच्यातला चांगला वेल्डर काय चीज असतो हे मला आत्ता, स्वतः रॉड धरल्यावर, नीट समजलं. आणि चेन्नईच्याच वेशीवर आवडीला त्याची पुढची पायरी आहे. हेवी व्हेइकल्स फॅक्टरीत 1960 च्या दशकात विजयंता रणगाडा बनू लागला, आज तिथे भीष्म आणि अर्जुन बनतात. सप्टेंबर 2021 मध्ये 118 अर्जुन मार्क-1ए रणगाड्यांची 7,523 कोटींची ऑर्डर या कारखान्याला मिळाली. रणगाड्याच्या पोलादाचा सांधा म्हणजे खेळ नाही. रॉड भट्टीत कोरडे ठेवावे लागतात, जाड पाटी आधी तापवावी लागते. दमट रॉडमधला हायड्रोजन सांध्यात शिरला तर वरून निर्दोष दिसणारा सांधा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी आतून तडकतो. आणि चेन्नईची हवा तर सदैव दमट! त्या सांध्याच्या आत चार माणसं बसून लढायला जाणार असतात. वेल्डरने डबक्याकडे नीट बघितलं होतं की नाही, यावर त्यांचं आयुष्य अवलंबून असतं.

असा माणूस निवृत्त होतो तेव्हा काय होतं? चाळिशीच्या आत-बाहेर, वीस-बावीस वर्षं नोकरी करून हवालदार गावी येतो. पुढे तो मला कुठे भेटतो? एटीएमच्या बाहेर स्टुलावर, सोसायटीच्या गेटवर, मॉलमध्ये बॅगा तपासताना. सुरक्षारक्षकाचं काम कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याने बर्फात, हातमोजे घालून, टॉर्चच्या उजेडात गाडीची चेसी जोडली, त्याच्या हातात नोंदवही आणि शिट्टी द्यायची? ही उधळपट्टी आहे. याला तो जबाबदार नाही. बाहेरच्या जगाला त्याचं कौशल्य वाचता येत नाही, आणि आपण, त्याचे अधिकारी, ते वाचून दाखवायला कमी पडतो. त्याच्या निरोपाच्या बडाखान्यात आपण त्याच्या निष्ठेबद्दल बोलतो, शिस्तीबद्दल बोलतो. त्याच्या हाताबद्दल किती वेळा बोललो?

अधिकाऱ्यांचंही तेच. निवृत्तीआधी पुनर्वसन महासंचालनालयामार्फत आयआयएममध्ये सहा महिन्यांचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम करता येतात. चांगली सोय आहे, अनेक मित्रांना तिचा फायदा झाला. पण आयआयएमला जाणारे कर्नल मी ढिगाने बघितले, आयटीआयला जाणारा एकही नाही. खडकवासल्याला कॅडेट असताना वर्कशॉपच्या तासाला लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून चौकोन करायचो. गुण्या लावून आरपार उजेड दिसला की पुन्हा घासायचं. नंतरच्या आयुष्यात आपल्या हातात फक्त पेन, केन आणि रिमोट उरला. हाताखाली माणसं आहेत ही अभिमानाची गोष्ट. पण हातांना काहीच येत नाही ही त्याची किंमत होऊ नये.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत, कारण मेसमध्ये ते ऐकून झाले आहेत.

पहिला: "हे पोरखेळ आहेत." असू देत. केरळात कुट्टिपुरमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या काही मुलांनी अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा बनवायला घेतला, तेव्हा तोही अनेकांना पोरखेळच वाटला असेल. त्याच मुलांनी पुढे कंपनी काढली आणि 2018 मध्ये गटार साफ करणारा बँडिकूट नावाचा यंत्रमानव आणला, म्हणजे माणसाला मॅनहोलमध्ये उतरावं लागू नये. पोशाख बनवता बनवता हात तयार होतात. तयार हातांनी पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरा: "घरी वेल्डिंग धोक्याचं." खरं आहे, आणि फौजी माणसाने धोक्याला नियमाने उत्तर द्यावं. काचेशिवाय एक क्षणही आर्क बघायचा नाही. डोळ्याला वेल्डिंग लागलं तर रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. शेजारी उभ्या असलेल्या लेकरालाही तेवढीच काळी काच हवी. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा, म्हणजे जीआय, जोडायला घ्यायचा नाही. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. बंद खोलीत नाही, उघड्या फरशीवर, बाजूला वाळूची बादली ठेवून. अंगात सुती कपडे. आणि चेन्नईसाठी खास: घामाने भिजलेला हातमोजा लगेच बदलायचा, कारण ओला हातमोजा वीज अडवत नाही. मे महिन्यात अग्निनक्षत्राच्या दिवसांत आम्ही सेट बंदच ठेवतो. त्या दिवसांत फक्त पुठ्ठ्यावर आखणी. आणि शेवटचा नियम सगळ्यांत मोठा: हा पोशाख आहे, संरक्षण नाही. हे घालून कोणी कोणावर वार करून बघायचा नाही, गंमत म्हणूनसुद्धा.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो बोलून दाखवला जात नाही: "साहेबाने हे काम करणं शोभतं का?" त्यावर मी फक्त एवढंच म्हणतो की ज्या माणसाच्या कामाचं आपल्याला ओझं वाटतं, त्याने बनवलेलं कवच घालताना मात्र कधी लाज वाटली नव्हती.

तेव्हा माझं म्हणणं तीन गोष्टींपुरतं आहे. नोकरीत असलेल्या मित्रांनी आपल्या युनिटच्या वर्कशॉपमध्ये, क्राफ्ट्समनच्या शेजारी उभं राहून, वर्षातून निदान एक आठवडा हाताने काम करावं. तपासणी म्हणून नव्हे, शिकायला. निवृत्त होणाऱ्या जवानाला प्रशस्तिपत्र देताना त्याला नेमकं काय येतं, कोणत्या जाडीचं पोलाद, कोणत्या स्थितीत, कोणत्या पद्धतीने जोडता येतं, हे मालकाला कळेल अशा शब्दांत लिहून द्यावं. आणि माजी सैनिक बंधूंनी, विशेषतः तांत्रिक ट्रेडमधल्यांनी, गावातल्या पोरांना शिकवावं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत भाड्याने आणलेल्या चिलखताऐवजी गावच्या पोरांनी स्वतः ठोकलेला एक खोबळा जरी मिरवला, आणि तो कोणी केला त्याचं नाव खाली लिहिलं, तरी त्या राज्यशस्त्राला अर्थ येईल.

आमचा खोबळा पूर्ण झाला आहे. छातीची ढाल टाक्यांवर उभी आहे, खांद्याच्या पट्ट्या अजून पुठ्ठ्यातच. पुढच्या बदलीआधी पूर्ण व्हावं असा प्रयत्न आहे. खोबळ्याच्या आतल्या बाजूला लेकीने छिन्नीने तीन नावं कोरली आहेत: तिचं, माझं, आणि पहिलं मास्टरांचं. मास्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी नावाकडे बघितलंच नाही. सांध्यावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथे परत घासा."

जय हिंद.